निवांत समुद्र आणि बिनकामाचा कप्तान

भूमध्य समुद्रातल्या नौकाविहाराची कुठलीही जाहिरात घ्या, चित्र ठरलेलं असतं. पांढरं शीड, निळं पाणी, मागे झाडीनं झाकलेली टेकडी. नाळेवर पाय सोडून बसलेली दोन मुलं, उशीला टेकून पुस्तक वाचणारी आई, आणि सुकाणूपाशी बाबा. बाबांचे दोन्ही हात चाकावर, नजर क्षितिजावर, आणि कपाळावर जबाबदारीची एक बारीकशी आठी. यातली मुलं खरी आहेत, आईसुद्धा खरी आहे. आठवड्याभराच्या सुट्टीत एखाद्या दुपारी पंधरा मिनिटं ती मंडळी अशी बसलेली सापडू शकतात. खोटी आहे ती आठी. ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा आयोनियन समुद्र खास कुटुंबांसाठी म्हणून विकला जातो, आणि तिथे उन्हाळ्यात कप्तानानं काळजी करावी असं जवळजवळ काही नसतं. तरीही या सहलींवरून परतलेली माणसं थकलेली दिसतात, एकमेकांशी जरा बेतानंच बोलतात, आणि दोष वाऱ्याला देतात. वारा निर्दोष आहे. त्या सुट्टीतला सगळा ताण येतो तो हाताला पुरेसं काम नसलेल्या कप्तानाकडून. समुद्र जितका गरीब, तितका घरचा कप्तान कडक, असं माझं म्हणणं आहे, आणि त्याला पुरावा भरपूर आहे.

आधी समुद्राची बाजू पाहू. लेफ्काडा, मेगानिसी, कालामोस, कास्तोस, इथाका, केफालोनिया ही बेटं इतकी दाटीवाटीनं बसली आहेत की एका धक्क्यावरून निघताना पुढचं बेट समोर उभं असतं आणि तिथे पोचेपर्यंत मागचं काही दिसेनासं होत नाही. वाट चुकली तर माणूस फार तर दुसऱ्या तितक्याच देखण्या खाडीत जाऊन पडतो. बारा मीटरची शिडाची नौका तासाला पाच-सहा सागरी मैल कापते, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. रोजचं अंतर दोन-चार तासांचं. वाऱ्याचं म्हणाल, तर तो कचेरीत जाणाऱ्या माणसासारखा आहे. सकाळी त्याचा पत्ता नसतो, दुपारी बारा-एकच्या सुमाराला वायव्येकडून ‘माएस्त्रो’ हजर होतो, तीन-चारला शिडं चांगली भरतात, आणि सूर्य मावळता मावळता तो आवरून निघून जातो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेल्या कुणालाही यातलं अर्धं कारण सांगता येईल. उरलेलं अर्धं उन्हाळाभर टिकणाऱ्या हवेच्या दाबातल्या फरकात आहे.

राहता राहिली भरती-ओहोटी. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी चौदा-एक किलोमीटरचीच, त्यामुळे अटलांटिकच्या भरतीचा दम दारातच संपतो, आणि या आतल्या समुद्राला स्वतःची म्हणावी अशी भरती नाही. आयोनियन बंदरात पाणी दिवसभरात हललं तर वीतभर हलतं. मुंबईच्या बंदरात मोठ्या उधाणाच्या दिवशी हाच फरक साडेचार मीटरच्या वर जातो. म्हणून कोकणातल्या तांडेलाला घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. अष्टमीला भांग, पुनवेला-अवसेला उधाण, खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा किती वाजता पाण्याखाली जाणार, हा हिशोब डोक्यात नसेल तर मचवा सहा तास चिखलात बसून राहतो आणि गावाला महिनाभर विषय मिळतो. तिथे तांडेल लागतो, आणि गंमत म्हणजे तिथला तांडेल क्वचितच ओरडताना दिसतो. त्याला वेळ नसतो.

मग आयोनियन समुद्रात कप्तानाला काम उरतं काय? नकाशा वाचणं उरलं असतं, पण सुकाणूसमोरच्या पडद्यावर नौका स्वतःच आपली जागा दाखवत असते. शेजारीच स्वयंचालित सुकाणूचं बटण असतं. ते दाबलं की यंत्र माणसापेक्षा सरळ रेषेत नौका नेतं आणि मध्येच डॉल्फिन दिसला म्हणून वळून पाहत नाही. नांगर वर घ्यायला विजेवर चालणारा रहाट असतो. शिडं पडद्यासारखी गुंडाळलेली असतात, दोरी ओढली की उलगडतात. वारा नसला की खाली डिझेलचं इंजिन असतं, आणि सकाळी वारा नसतोच. पण बटण दाबून झाल्यावरही घरचा कप्तान चाकावरचा हात काढत नाही. चाक आपोआप फिरतं, त्याबरोबर त्याचाही हात फिरतो, आणि लांबून पाहणाऱ्याला कोण कुणाला फिरवतंय ते कळू शकत नाही. हे फार दिवस चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो कामं निर्माण करू लागतो. दोऱ्या गुंडाळल्या कशा आहेत? टॉवेल कठड्यावर कुणी वाळत टाकले? उद्या पहाटे सहाला उठून साडेसहाला निघायचं! वारा बारा वाजता येणार आणि पुढचं बंदर दोन तासांवर. मग साडेसहाला निघून करायचं काय, हा प्रश्न नौकेवर सगळ्यांच्या मनात असतो. तो विचारला की उत्तर मिळतं, “समुद्राचं काही सांगता येत नाही.” या समुद्राइतकं आगाऊ सांगता येण्यासारखं दुसरं फारसं काही जगात नाही, पण हे वाक्य म्हणताना कप्तानाचा चेहरा असा होतो की पुढे कुणी बोलत नाही.

यात मराठी माणूस मागे आहे असं कुणी समजू नये. लंडन-फ्रँकफर्टकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही आता या बेटांची ओळख झाली आहे, आणि त्यांच्या कप्तानापाशी निघण्यापूर्वीच एक एक्सेल शीट तयार असतं. कुठली खाडी, किती वाजता, कुठे पोहायचं, किती मिनिटं. युरोपची सहल म्हणजे आठ दिवसांत पाच देश, या हिशोबावर वाढलेल्या मनाला एकाच खाडीत दुपारभर तरंगत राहणं म्हणजे पैसे बुडाल्यासारखं वाटतं. त्यात घरचा डबा असतो. टॅव्हर्नात, तिथल्या खानावळीत, गिगांतेस, म्हणजे टोमॅटोत भाजलेले बोटाच्या पेराएवढे पांढरे घेवडे, आणि ब्रिआम नावाची वांगी-बटाटे-दोडक्याच्या भावंडांची भाजी असं शाकाहाऱ्याला पुरून उरेल इतकं मिळतं; तरी भडंगाचे पुडे बॅगेच्या तळाशी असतातच. पुडे केव्हा फोडायचे हेही कप्तान ठरवतो.

हा सगळा प्रकार एकाच जागी पाहायचा असेल तर संध्याकाळी पाचच्या सुमाराला इथाकाच्या किओनी गावच्या धक्क्यावर बसावं. भरती-ओहोटी नसल्यामुळे या समुद्रात नौका बांधायची पद्धत वेगळी आहे. नौका धक्क्याला आडवी लावत नाहीत. नौकेच्या तीन-चार लांब्या आधी पाण्यात नांगर सोडायचा, मग साखळी सोडत सोडत उलट्या दिशेनं मागे यायचं, मागच्या दोन दोऱ्या धक्क्याला बांधायच्या आणि पुढची साखळी ताणून घ्यायची. मग सगळ्या नौका ओळीनं धक्क्याकडे पाठ करून उभ्या राहतात, आणि फळी टाकून उतरलं की समोर टॅव्हर्नाचं टेबल. सोय उत्तम आहे, पण एक अडचण आहे. माएस्त्रो जोरात असतो तेव्हाच सगळे परततात, शिडाची नौका मागे जाताना पुरेसा वेग येईपर्यंत सुकाणूचं ऐकत नाही, आणि आधी पोचलेली मंडळी हातात ग्लास घेऊन डेकवर बसलेली असतात. त्यांना आज दुसरी करमणूक नाही.

आता नवी नौका येते. नाळेवर नांगराच्या रहाटाचं बटण हातात धरून पत्नी उभी आहे. दोन्ही बाजूंना फेंडर, म्हणजे धक्का झेलणारे फुगे, धरून मुलगा आणि मुलगी. मागे एका कोपऱ्यात दोरीचं वेटोळं घेऊन आजोबा, ज्यांना कुणी काही करायला सांगितलेलं नाही. कप्तान सुकाणूवरून ओरडतो, “सोड!” वारा त्याच्याकडून नाळेकडे जाण्याऐवजी नाळेकडून त्याच्याकडे येतोय, त्यामुळे पुढे काही ऐकू जात नाही. पत्नी वळून विचारते, “काय?” तो पुन्हा ओरडतो, तोवर नौका दहा मीटर मागे सरकलेली असते, आणि आता नांगर सोडला तर साखळी पुरणार नाही म्हणून तो ओरडतो, “नको!” त्याच क्षणी खडखडाट करत साखळी सुटते. नौका तिरकी होते. मुलगा डावीकडचा फेंडर घेऊन उजवीकडे पळतो, मुलगी उजवीकडचा घेऊन डावीकडे. शेजारच्या नौकेवरचा एक शांत जर्मन गृहस्थ ग्लास खाली ठेवून उठतो आणि पायानं यांची नौका हळूच दूर लोटतो. तेवढ्यात टॅव्हर्नाचा मालक खांद्यावर फडकं टाकून धक्क्यावर येतो, हात पुढे करतो, आजोबा त्याच्याकडे दोरी फेकतात आणि ती नेमकी त्याच्या हातात पडते. तो लोखंडी कडीतून ती ओवून परत देतो, दुसरी दोरी मागतो, तीही बांधतो, एका बोटानं कप्तानाला इंजिन जरा पुढे घ्यायची खूण करतो. नौका सरळ होऊन थांबते. मालक “कालिस्पेरा” म्हणतो आणि फडक्याखालून मेन्यूकार्ड काढतो. या सगळ्यात दीड मिनिट जातं, आणि त्यातली शेवटची वीस सेकंदं, म्हणजे ज्या वीस सेकंदांत नौका खरोखर बांधली गेली ती, कप्तान गप्प होता. याहून स्पष्ट पुरावा प्रयोगशाळेतही मिळणार नाही. हे दृश्य इतकं सार्वत्रिक आहे की नवरा-बायकोंनी डोक्यावर घालून हळू आवाजात बोलायची बिनतारी यंत्रं बाजारात मिळतात, आणि नौकावाले त्यांना संसार वाचवणारी यंत्रं म्हणतात. यंत्रानं ओरडणं थांबतं. आज्ञा थांबत नाहीत. त्या आता कानात येतात.

हा रोग आजकालचा म्हणावा, तर तसंही नाही. याच इथाकाचा राजा ओडिसियस ट्रॉयहून घरी यायला निघाला आणि त्याला दहा वर्षं लागली. तेवढं अंतर शिडाच्या होडीनं रमतगमत आलं तरी महिन्याभरात संपतं. होमरच्या काव्यात याचं खापर देव, राक्षस आणि मायाविनी यांच्यावर फोडलेलं आहे, पण दहाव्या सर्गातला एक प्रसंग नीट पाहा. वाऱ्यांचा राखणदार एओलस यानं सगळे वैरी वारे कातडी पिशवीत बांधून दिले आणि अनुकूल तेवढा मोकळा सोडला. नऊ दिवस, नऊ रात्री नौका चालली. दहाव्या दिवशी इथाका दिसू लागली, किनाऱ्यावरच्या शेकोट्या ओळखू येऊ लागल्या. इतका वेळ शिडाची दोरी ओडिसियसनं एकट्यानंच धरून ठेवली होती, कुणाच्याही हाती दिली नव्हती. नऊ दिवस न झोपलेल्या माणसाचं जे व्हायचं तेच झालं. घर दिसत असताना त्याला झोप लागली. पिशवीत काय आहे हेही त्यानं खलाशांना सांगितलेलं नव्हतं. त्यांना वाटलं सोनं-नाणं असेल, त्यांनी गाठ सोडली, आणि नौका उलट एओलसच्या दारात जाऊन पडली. समुद्र शांत होता, वारा बरोबर दिशेचा होता, सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. दोरी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही आणि पिशवीत काय आहे ते सांगायचं नाही, हे कप्तानाचे दोन निर्णय सोडले तर त्या दिवशी संकट कुठलंच नव्हतं. खलाशांना लोभी म्हणून नावं ठेवणारे टीकाकार बहुधा कधी घरच्या नौकेवर गेले नसावेत.

याच किनाऱ्यावर थोडं उत्तरेला, प्रेवेझाच्या समोर आक्तिओ आहे. इ.स.पू. 31 मध्ये 2 सप्टेंबरला तिथे अँटनी आणि क्लिओपात्रा यांच्या आरमाराची ऑक्टेव्हियनच्या आरमाराशी लढाई झाली. लढाईच्या वेळी जहाजं हलकी राहावीत म्हणून शिडं किनाऱ्यावर ठेवत असत. सुकाणूवाल्यांचाही तोच बेत होता, पण अँटनीनं शिडं बरोबर घ्यायला लावली. मग भर लढाईत क्लिओपात्रा आपली साठ जहाजं घेऊन शिडं उभारून निघाली आणि अँटनी तिच्या मागे. प्लुटार्क लिहितो की तिच्या जहाजावर चढल्यावर अँटनी नाळेवर जाऊन डोकं हातात धरून एकटा बसला, आणि तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. शेवटी तेनारोसच्या भूशिराशी तिच्या दासींनी मध्यस्थी केली तेव्हा दोघं बोलू लागली, मग एकत्र जेवली. इतिहासकारांनी या लढाईवर पुष्कळ लिहिलं आहे. पण कुणाही कुटुंबाला त्यातला लगेच ओळखू येणारा भाग हाच: एकच नौका, नाळेवर एक माणूस तोंड फिरवून बसलेला, आणि मागे बाकीचे हळू आवाजात ‘आधी कोण बोलेल’ याची चर्चा करत असलेले. आज आक्तिओला नौकांचा मोठा तळ आहे, त्याचं नावही क्लिओपात्रा मरीना आहे, आणि तिथून दर शनिवारी भाड्याच्या नौका घेऊन कुटुंबं बाहेर पडतात. अँटनीचं नाव कुठे दिलेलं नाही, ते योग्यच झालं. तसा ग्रीक पुराणातला थेसियसही आहेच. क्रीटहून जिवंत परत आलो तर काळं शीड उतरवून पांढरं लावेन असं बापाला सांगून गेला आणि विजयाच्या भरात विसरला. बापानं कड्यावरून काळं शीड पाहिलं आणि समुद्रात उडी घेतली. सगळी कामं स्वतःकडे ठेवणारा कप्तान असा एखादं काम विसरतोच.

यावर पहिला आक्षेप असा की समुद्र इतका गरीब नाही. उन्हाळ्यात एजियन समुद्रात, विशेषतः सिक्लाडीस बेटांत, उत्तरेकडून मेल्तेमी सुटतो. स्वच्छ ऊन असताना तो दिवसेंदिवस असा वाहतो की टोपी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाते. खुद्द आयोनियनमध्ये सप्टेंबर 2020 मध्ये ‘इआनोस’ नावाचं वादळ इथाका, केफालोनिया, झाकिंथोसवर येऊन आदळलं आणि बंदरातल्या नौका किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. हे सगळं खरं आहे. पण अशा वेळी शहाणा कप्तान काय करतो? बाहेर पडत नाही. नांगराला जास्तीची साखळी सोडतो, दोऱ्या दुहेरी बांधतो आणि टॅव्हर्नात जाऊन बसतो. म्हणजे समुद्र खरोखर रागावतो तेव्हा कप्तानाचा सर्वांत मोठा पराक्रम म्हणजे काही न करणं. आणि समुद्र शांत असतो तेव्हा पहाटे सहाला उठवणं. या हिशोबात कुठेतरी गडबड आहे, असं ज्याला वाटत नाही तो जन्मतःच कप्तान असतो.

दुसरा आक्षेप कायद्याचा. ग्रीसमध्ये बिनतांडेलाची नौका भाड्यानं घ्यायची तर एकाकडे मान्यताप्राप्त परवाना लागतो, आणि नौका हाकण्याचा अनुभव असलेलं आणखी एक माणूस लागतं. नौकेवरच्या सगळ्यांची नावं यादीत लिहावी लागतात आणि त्यात कप्तान कोण ते स्पष्ट असतं. जबाबदारी एकाच्या नावावर असली तर हुकूमही त्याचाच चालणार, असा युक्तिवाद केला जातो. मला तो पटत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावावरही पाण्याच्या टाकीची जबाबदारी असते. म्हणून तो टाकीवर उभा राहून आंघोळ करणाऱ्यांना सूचना देत नाही. शिवाय ते दुसरं अनुभवी माणूस कोण असतं ते पाहा. बहुतेक घरांत तिथे पत्नीची सही असते. कागदोपत्री ती उपकप्तान, आणि प्रत्यक्षात तिच्या वाट्याला नांगराचं बटण आणि “सोड”, “नको” हे दोन शब्द. कायद्यानं दिलेला अधिकार धक्का सुटल्याबरोबर कुठे जातो, हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं.

एका बाबतीत मात्र कप्तानाचं राज्य मला मान्य आहे, आणि ती बाब म्हणजे शौचालय. नौकेवरचं शौचालय बहुतेक वेळा हातपंपाचं असतं, नळ्या बोटभर जाडीच्या, आणि नियम एकच: खाल्लेल्या अन्नाखेरीज त्यात काहीही जाता कामा नये, कागदसुद्धा नाही. नळी तुंबली तर आयोनियन समुद्रातलं एकमेव खरंखुरं संकट ओढवतं, आणि ते दूर करायला टॅव्हर्नाचा मालक येत नाही. त्याखालोखाल गोडं पाणी. टाकीत तीन-चारशे लिटर, माणसं सहा-सात, आणि रोज दुपारी खारट अंगानं वर येणारी मुलं. इथे शिस्त हवी, रेशन हवं, आवाज चढला तरी हरकत नाही. दुर्दैव असं की नेमक्या याच दोन खात्यांचा कारभार कप्तान हौसेनं पत्नीकडे सोपवतो. त्याला क्षितिज हवं असतं.

कुणी तिसरा म्हणेल, मग काय बैठक घेऊन नौका चालवायची? शिडाच्या दोरीवर मतदान? नाही. पण निर्णय कमी असतील तर निर्णय घेणारा बदलता ठेवायला काय हरकत आहे? याला एक अगदी व्यावहारिक कारण आहे. नौका लागते ती सुकाणूवर बसलेल्याला सहसा लागत नाही. नौका कुठे कलणार हे त्याला आधी कळत असतं, नजर लांब क्षितिजावर असते, आणि हाताला काम असतं. खाली मान घालून मोबाइल पाहणाऱ्या मुलाचं तोंड पांढरं पडू लागलं की त्याला गोळी देण्याआधी चाक द्यावं; दहा-पंधरा मिनिटांत रंग परत येतो. म्हणजे घरात जे औषध आहे ते कप्तानानं दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं असतं आणि वर तोच विचारत असतो, “कुणाला मळमळतंय का?” स्वतः अर्थातच टुणटुणीत. ओडिसियसलाही समुद्र लागल्याचा उल्लेख कुठे नाही.

हा पुरुषांवरचा लेख आहे असं वाटत असेल तर तेही दुरुस्त करतो. चाक हाती आलं की बाई तितकीच कप्तान होते. हालिकार्नासोसची राणी आर्तेमिसिया इ.स.पू. 480 मध्ये सालामिसच्या लढाईत पर्शियाच्या बाजूनं लढत होती. अथेन्सचं एक जहाज पाठीशी लागलं आणि पुढे वाट अडली, तेव्हा तिनं सरळ आपल्याच बाजूच्या एका राजाच्या जहाजाला धडक देऊन ते बुडवलं. पाठलाग करणाऱ्याला वाटलं ही आपल्यातलीच, तो वळला; टेकडीवरून पाहणाऱ्या सम्राट झर्क्सिसला वाटलं हिनं शत्रूचं जहाज बुडवलं, तो खूश झाला. तक्रार करायला त्या जहाजावरचं कुणी उरलं नाही, हे हेरोडोटस मुद्दाम नोंदवतो, आणि तो तिच्याच गावचा. किओनीच्या धक्क्यावर शेजारच्याचा नांगर उचलून नेणारे कप्तान रोज दिसतात. इतक्या सफाईनं कौतुक मिळवलेलं मात्र एकही दिसत नाही.

शेवटचा उपाय म्हणून लोक पगारी तांडेल घेतात. त्याला एक खोली द्यायची, जेवण द्यायचं, रोजचा मेहनताना द्यायचा. हा बहुधा पंचविशीतला, उन्हानं भाजलेला, कमी बोलणारा पोरगा असतो, आणि त्याला आपलं काम किती छोटं आहे ते नेमकं माहीत असतं. सकाळी तो झोपलेला असतो, कारण वारा बाराला येणार. तो मुलीच्या हाती चाक देतो आणि डबल रोटीला मध लावायला खाली जातो. परका माणूस घरात असल्यामुळे भांडणंही खालच्या पट्टीत होतात. आक्षेप घेणारे म्हणतील की मग कप्तान लागतोच ना, फक्त बाहेरचा. तसं पाहायला गेलं तर लागतो, पण त्याच्याबरोबर पहिल्याच सकाळी एक अडचण येते, कारण तो चहा घेताना सगळ्यांकडे पाहून विचारतो, “आज कुठे जाऊ या?” घरातल्या कुणालाही हा प्रश्न कधी विचारला गेलेला नसतो. आजोबांना प्राचीन अवशेष हवे असतात, मुलाला आतोकोस बेटावर किनाऱ्याला येणारी डुकरं पाहायची असतात, मुलीला कुठेच जायचं नसतं, पत्नीला जिथे शॉवर आहे ते कुठलंही बंदर चालतं, आणि माजी कप्तान खिशातून एक्सेल शीटचा घडी केलेला कागद काढतो. चर्चा तासभर रंगते. ती कास्तोस की कालामोस इथवर पोचते तेव्हा लक्षात येतं की इंजिन चालू आहे, नांगर वर आलेला आहे, आणि नौका केव्हाच आतोकोसच्या वाटेला लागली आहे. पोरानं आदल्या रात्रीच हवामान पाहून ठरवलं होतं.